पानकरसन्याय आणि एक उन्हाळी पेय

साहित्याला वाहिलेल्या अंकात कॉकटेलवर टीकालेख यावा हे काही वाचकांना रुचणार नाही. आणि ज्यांना रुचेल त्यांतल्या बहुतेकांना त्यातली कृती तेवढी हवी असेल. दोघांचेही पुरते समाधान करणे मला शक्य नाही. कृती मी सांगणार आहे, पण टीकाकार कविता पुढे ठेवतो त्या बेताने, म्हणजे तिच्याविषयी काही बोलता यावे एवढ्यापुरती. सोवळ्या वाचकांना मात्र एक आठवण करून द्यावीशी वाटते. रस म्हणजे काय हे समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा भरताला आठवले ते स्वयंपाकघर. गूळ, मसाले, वनस्पती असे नाना पदार्थ एकत्र येऊन पेयाला आणि अन्नाला चव येते, तशीच भावांच्या संयोगातून नाट्याला येते, अशा अर्थाची उपमा नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आहे. पुढे अभिनवगुप्ताने आणि मम्मटाने हाच धागा उचलून रसास्वादाला पानकाचा दृष्टान्त दिला, आणि पानकरसन्याय हा शब्द साहित्यशास्त्रात रुळला. साखर, मिरे, वेलदोडा, कापूर ही पानकातली द्रव्ये टीकाकारांनी नोंदवली आहेत. पानक म्हणजे आपले पन्हे. शब्दही तोच, फक्त वापराने झिजलेला. तेव्हा आपल्या सौंदर्यविचाराच्या मुळाशी एक मिश्र पेय आहे हे कबूल करावयास हवे. त्यात मद्यार्क नव्हता एवढाच काय तो फरक.

पानकाचा दृष्टान्त या आचार्यांनी का निवडला असावा? साखर एकटी गोड लागते, मिरी एकटी तिखट लागते. पानकात ती दोन्ही असतात आणि तरीही पानकाची चव त्या दोहोंची बेरीज नसते. पिणारा 'आता साखर आली, आता मिरी आली' असे म्हणत पीत नाही. पण मिरी काढून घेतली तर त्याच्या तत्काळ लक्षात येते. घटक हरवलेले असावेत आणि त्यांचा अभाव मात्र जाणवावा, ही मोठी अवघड अट आहे. ज्या पेयाविषयी मी लिहिणार आहे ते या अटीत बसते की नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न.

ते पेय मला भेटले इंग्लंडात. केंट परगण्यात माझी भाची राहते, आणि तिच्याकडे मी जुलै महिन्यात काही आठवडे होतो. त्या दिवसांत तिकडे स्ट्रॉबेरीचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, रास्पबेरी भरात असते आणि काळी करंट पिकू लागलेली असते. शेतावर जावे, हवी तितकी फळे आपल्या हाताने तोडावी आणि वजन करून पैसे द्यावे, अशी तिकडे सोय असते. बेरी या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि तो पाडावा असेही मला वाटत नाही. खुद्द वनस्पतिशास्त्र या शब्दापाशी अडखळते. शास्त्रीय व्याख्या लावली तर केळे आणि टोमॅटो बेरी ठरतात, स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी ठरत नाहीत. स्ट्रॉबेरीचा लाल गर हे तर फळही नव्हे, तो फुलाचा फुगलेला तळ, आणि खरी फळे म्हणजे तिच्या अंगावर टोचलेले ते पिवळे दाणे! नावाचा आणि वस्तूचा हा सांधा किती ढिला असतो हे पुढे कामास येणार आहे, म्हणून येथे सांगून ठेवले.

तर भाचीने बाजारातून एक बाटली आणली होती. रास्पबेरीचा स्वाद घातलेली व्होडका. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा व्होडका काढणाऱ्या कंपन्यांना तोटा नाही. बाटलीच्या गळ्यात जाड कागदाची एक चिठ्ठी अडकवलेली होती आणि तिच्यावर एका उन्हाळी पेयाची कृती छापली होती. आठ ताज्या रास्पबेरी आणि दोन स्ट्रॉबेरी पेल्याच्या तळाशी लाकडी दांडक्याने हलक्या हाताने चेचाव्या. त्यांवर २५ मिलिलिटर लिंबाचा रस, १५ मिलिलिटर साखरेचा पाक आणि ५० मिलिलिटर ती व्होडका ओतावी. बर्फाचा चुरा घालून ढवळावे. वर सोडा, सोड्यावर पुदिन्याची काडी आणि शोभेला एक अख्खी रास्पबेरी.

एवढा भाग उत्तम गद्याचा नमुना आहे. क्रियापद, परिमाण, क्रम. एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. 'हलक्या हाताने' हे विशेषणसुद्धा काम करते, कारण रास्पबेरी जोराने ठेचली तर तिच्या बिया फुटतात आणि कडवटपणा उतरतो. पण या कृतीच्या आधी चार ओळी होत्या आणि नंतर दोन. आणि त्या सहा ओळींत मिळून अकरा विशेषणे होती. मी मोजली. पेय ताजेतवाने करणारे होते, रसरशीत होते, उन्हाने न्हालेले होते. म्हणजे ते पिऊन मला जे वाटावयाचे ते पिण्यापूर्वीच मला कळवण्यात आले होते.

"मामा, आता चिठ्ठीचंही परीक्षण लिहिणार का तुम्ही?" भाचीने विचारले. आणि मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "चवीत कसलं आलंय चूक आणि बरोबर? मला आवडलं, तुम्हांला नाही आवडलं. संपलं."

तिला माहीत नव्हते, पण हा कांटचा पक्ष होता. १७९०च्या आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद करताना कांटने उदाहरण घेतले आहे तेही मद्याचेच. कॅनरी बेटांवरची दारू सुखद आहे असे कोणी म्हणाले आणि दुसऱ्याने त्याला 'तुला सुखद आहे असे म्हण' अशी दुरुस्ती सुचवली, तर त्याने ती निमूट मान्य करावी, कारण जिभेच्या बाबतीत ज्याची रुची त्याच्यापाशी. सुंदर म्हणताना मात्र आपण सर्वांच्या वतीने बोलत असतो. हा भेद पत्करला तर पेयांची टीका संभवतच नाही, आणि हा लेख येथेच संपवावा लागेल.

मला तो भेद या ठिकाणी पुरेसा वाटत नाही. कांटच्या पेल्यात एकच मद्य आहे. ते बाहेरून तयार होऊन आले आहे, आणि पिणाऱ्याला त्यावर हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. मिश्र पेयाची गोष्ट निराळी. ते समोर रचले जाते, त्याला अवयव असतात, आणि त्या अवयवांच्या परस्परसंबंधांविषयी चारचौघांत बोलता येते. पन्हे ढवळताना आजी चमचाभर चाखून म्हणते, 'वेलदोडा पुढे येतोय'. हे काही 'मला आवडत नाही' असे म्हणणे नव्हे. ते एक विधान आहे, आणि ते तपासता येते: अजून थोडा गूळ घातला की वेलदोडा मागे सरतो, आणि मघाशी 'ठीकच आहे की' म्हणणारा माणूसही मान हलवतो. टीकेचे काम याहून फार वेगळे असते असे मला वाटत नाही. कवितेतले एखादे कडवे जास्त आहे असे टीकाकार म्हणतो तेव्हा तोही ते कडवे झाकून पुन्हा वाचावयास सांगत असतो.

कांटपेक्षा ह्यूम या बाबतीत व्यवहारी होता. रुचीच्या प्रमाणाविषयीच्या १७५७च्या निबंधात त्याने डॉन किखोतेमधली सँकोच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. पिंपातली दारू चाखून एक म्हणाला, चांगली आहे पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे पण लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. ह्यूमचे म्हणणे असे, की प्रत्येक वेळी किल्ली सापडते असे नाही, म्हणून ती तिथे नसतेच असे मानू नये.

हे सगळे मी भाचीला सांगितले. तिचा स्वभाव शास्त्रीय आहे, तेव्हा ती म्हणाली, "मग करून बघू या." आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांना कविता वाचावयास दिल्या आणि त्या प्रयोगावर १९२९ साली आपले पुस्तक लिहिले. आमच्याकडे पेल्यांच्या बुडाला चिकटपट्टी लावून क, ख, ग अशी अक्षरे घातली गेली. तिन्ही पेल्यांत फळे तीच, लिंबू तेच, पाक तेवढाच. 'क'मध्ये साधी, बिनवासाची व्होडका. 'ख'मध्ये चिठ्ठीवाली. 'ग'मध्ये भाचीने घरी केलेली: साध्या व्होडकेच्या बरणीत तिने चार दिवस रास्पबेरी मुरत ठेवल्या होत्या. पिणारे पाच जण: भाची सोडून (तिनेच ओतले होते), तिचा नवरा, त्याचे दोन मित्र, शेजारच्या एक वृद्ध इंग्रज बाई आणि मी.

पहिल्या घोटाला 'ख' जिंकला. पाचांपैकी चौघांनी तोच पुढे केला, आणि त्यांत मीही होतो. याहून अधिक रास्पबेरी असणे शक्य नाही असे एक जण म्हणाला, आणि ते खरेही होते. पेला ओठांशी नेण्याच्या आतच नाकाला रास्पबेरी कळत होती. मौज पुढे झाली. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला बोलणे दुसऱ्या विषयांवर गेले, आणि 'ख'चे पेले मेजावर तसेच राहू लागले. भाचेजावयाने तळाची चेचलेली फळे चमच्याने उचलून खाल्ली आणि तो म्हणाला, "आज फळं जरा पाणचट निघाली." फळे तीच होती. 'क'मधली तीच फळे त्याने मिटक्या मारीत खाल्ली होती.

या ठिकाणी मला थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते सारा प्रश्न या एका तक्रारीत आहे. रास्पबेरीचा वास हा एका द्रव्याचा वास नाही. त्यात अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी एकाला रसायनशास्त्रज्ञ रास्पबेरी कीटोनच म्हणतात, आणि ते किलोभर फळांत जेमतेम काही मिलिग्रॅम असते. आणखी एक द्रव्य बीटा-आयोनोन, ज्याचा वास व्हायोलेटच्या फुलांची आठवण करून देतो. शिवाय पानांसारखा हिरवट वास, थोडा मातीचा, आणि या सगळ्यांखाली आंबटपणा. कारखान्यात स्वाद तयार होतो तेव्हा या समूहातून जे चटकन ओळखू येईल ते निवडले जाते आणि वाढवले जाते. ते खोटे असते असे नव्हे. व्यंगचित्रातले नाक खोटे नसते. पण ते फळाच्या शेजारी ठेवले की फळ कमी पडू लागते. स्वादाने जे मोठ्या आवाजात सांगितले ते फळ हळू आवाजात सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की फळाचाच आवाज बसला आहे.

मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोष सांगितले आहेत, आणि त्या यादीत अगदी आरंभी आहे तो हा दोष: रस, स्थायी भाव किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्या नावाने उच्चार करणे. शृंगार दाखवावयाचा असेल तर 'शृंगार' हा शब्द लिहू नये. विद्यार्थिदशेत हा दोष मला किरकोळ वाटत असे. नाव घेतले तर एक शब्द जास्त झाला. त्याने काय बिघडते? काय बिघडते ते केंटमध्ये नीट दिसले. नाव आणि वस्तू दोन्ही एका पेल्यात आली की नाव वस्तूला खाते. आजच्या मराठी कथेत हे किती वेळा घडते! म्हातारी आई मुलाच्या रिकाम्या खोलीत जाते, पलंगावरची चादर काढते आणि कारण नसताना तीच पुन्हा घालते. एवढे लिहून लेखकाला थांबता येते. पण तो आधीच लिहून बसलेला असतो की तिचे मन एकटेपणाने भरून आले. मग ती चादर त्या वाक्याचे उदाहरण होऊन राहते. वाचकही म्हणतो, प्रसंग जरा पाणचट निघाला.

मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. पेयांसाठी त्यांनी ती सांगितली नव्हती हे उघडच आहे, पण 'ख'च्या पेल्यात काय होते ते त्यांच्या भाषेत चांगले सांगता येते. तिथे रास्पबेरीचा रास्पबेरीशी संवाद आहे असे वाटते. पण संवादाला दोन भिन्न गोष्टी लागतात. एकच गोष्ट दोनदा आली तर ती पुनरुक्ती. विरोधाचे काम एकट्या लिंबावर पडते, आणि २५ मिलिलिटर लिंबाला ते पेलत नाही. रूपक याहून ताणण्यात अर्थ नाही. पेल्यातला स्थायी भाव कोणता आणि संचारी कोणता हे ठरवीत बसणाऱ्या पंडिताला मी भिऊन असतो.

आता कोणी म्हणेल, की स्वाद घातलेल्या व्होडकेवर तुमचा राग आहे. तसा तो नाही, आणि इतिहास माहीत असणाऱ्याला तो असूही नये. बिनवासाची व्होडका हीच अलीकडची गोष्ट आहे. रशियात, युक्रेनमध्ये, पोलंडमध्ये जुन्या काळची भट्टीची दारू फार साफ नसे. तिचा उग्रपणा झाकण्यासाठी तीत पाने, मुळे, साली, फळे घालणे हा रोजचा व्यवहार होता. गोगोलच्या 'जुन्या वळणाचे जमीनदार' या १८३५च्या कथेतली पुल्खेरिया इव्हानोव्हना आठवा. पाहुणे आले की ती कपाटातून एकेक सुरई काढते आणि कोणती वनस्पती घातलेली व्होडका कोणत्या दुखण्यावर चालते ते सांगते. एक पाठीच्या दुखण्यावर, दुसरी कानात घुमते त्यावर. आणि पीचच्या बियांची एक अशी, की बिछान्यातून उठताना कपाटाच्या कोपऱ्यावर डोके आपटून टेंगूळ आले तर तिच्या एका पेल्याने ते नाहीसे व्हावे. गोगोल हसतो आहे, पण प्रेमाने हसतो आहे. त्या बाईच्या सुरईत स्वादाला काहीतरी काम आहे, आणि त्यामागे परसातले एक झाड आहे.

येलेना मोलोखोवेत्स यांचे तरुण गृहिणींसाठी लिहिलेले प्रसिद्ध पाकपुस्तक १८६१ साली निघाले. त्या परंपरेतली नलिव्का म्हणजे बेरीची फळे दारूत घालून, उबेला ठेवून, फळांचा सारा अर्क उतरेपर्यंत थांबणे, मग गाळून साखर घालणे. पोलंडमधली नलेव्का तिचीच बहीण. इथे वेळ हा एक घटक आहे. मद्यार्क हा मोठा लोभी पदार्थ. जे पाण्यात उतरत नाही तेही तो फळातून ओढून घेतो. भाचीच्या बरणीतल्या रास्पबेरी चौथ्या दिवशी पांढुरक्या पडल्या होत्या, जुन्या पत्रांवरच्या शाईसारख्या फिकट. त्यांचा रंग, वास, आंबटपणा सगळे बाहेर गेले होते. त्यांना खाऊन पाहिले तर जिभेला ओलसर कापसाखेरीज काही लागले नाही.

निर्गुण व्होडकेचे युग आले ते अमेरिकेत. १९४१च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आल्याची बिअर, लिंबू आणि व्होडका यांचे मॉस्को म्यूल नावाचे पेय निघाले आणि खपत नसलेल्या व्होडकेला गिऱ्हाईक मिळाले. १९४९ साली अमेरिकी सरकारच्या नियमात व्होडकेची व्याख्या आली ती अशी, की तिला स्वतःचे वैशिष्ट्य, वास, चव किंवा रंग नसावा. (त्याच १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. एका सरकारने ठरवले की दारू नसावी, दुसऱ्याने ठरवले की असावी पण ती आहे असे कळू नये. दोहोंत अधिक कावेबाज कोण ते वाचकांनी ठरवावे.) अमेरिकेतली ती शब्दयोजना २०२० साली काढून टाकण्यात आली. पण मधल्या सत्तर वर्षांत व्होडका म्हणजे कोरी पाटी ही कल्पना जगभर रुजली, आणि पाटी कोरी झाल्यावर तीवर काही लिहिण्याची इच्छा होणे साहजिकच होते. स्वीडनच्या अ‍ॅब्सोलूटने १९८६ साली मिरचीची आणि १९८८ साली लिंबाची व्होडका काढली. मग इतरांनी काय काय काढले त्याला सुमार नाही. आधी धुऊन काढावयाचे आणि मग रंगवावयाचे, असा हा प्रकार आहे. पुल्खेरिया इव्हानोव्हनाला तो कळला नसता.

तरीही लिंबाच्या व्होडकेची बाजू मला घ्यावीशी वाटते. १९८८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ओडियन उपाहारगृहात टोबी चेकिनी याने कॉस्मोपॉलिटनला जे रूप दिले त्यात ही व्होडका, संत्र्याच्या सालीचे मद्य, क्रॅनबेरीचा रस आणि हिरव्या लिंबाचा रस असे चार पदार्थ आहेत. दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेने ते पेय पुढे इतके लोकप्रिय केले की जाणकारांनी त्याला नावे ठेवावयास सुरुवात केली. पण रचना पाहिली तर ती चोख आहे. लिंबाच्या रसात आंबटपणा असतो, वास असतो तो सालीतल्या तेलात. व्होडकेतला लिंबाचा स्वाद हा सालीचा आहे, आणि साल त्या पेल्यात दुसऱ्या कोणी आणलेली नाही. म्हणजे तो स्वाद पेल्यात नसलेली वस्तू आणतो. रास्पबेरीची व्होडका ताज्या रास्पबेरीवर ओतली तर ती पेल्यात असलेल्याच वस्तूचे नाव पुकारते. दोष बाटलीत नसून संगतीत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याच दशकात लंडनच्या सोहो भागात, फ्रेड्स क्लबात, डिक ब्रॅडसेल याने ब्रॅम्बल नावाचे पेय केले. ते व्होडकेचे नाही, जिनचे आहे, पण बेरीच्या पेयांविषयी बोलताना त्याला वगळून चालणार नाही. जिन, लिंबू, पाक, बर्फाचा चुरा, आणि सगळ्यांत शेवटी वरून सोडलेली काळ्या ब्लॅकबेरीच्या मद्याची धार. ब्रॅडसेलचे बालपण आइल ऑफ वाइट बेटावर गेले होते आणि तिथल्या कुंपणांवरच्या ब्लॅकबेरी त्याच्या मनात होत्या. मला या पेयात आवडते ती त्याची काळाची जाण. ती जांभळी धार बर्फातून खाली उतरत जाते, त्यामुळे पहिला घोट जवळजवळ कोरा, जुनिपरचा आणि लिंबाचा. फळ मागाहून येते, आणि शेवटचा घोट सगळ्यांत गडद. 'ख'चा पेला याच्या उलट वागतो. त्याच्यापाशी असेल नसेल ते तो दारातच देऊन टाकतो. ब्रॅडसेल २०१६ साली वारला. त्याने कोणते साहित्यशास्त्र वाचले असण्याचा संभव नाही, आणि त्याचे काही अडलेही नाही.

प्रयोगातला 'ग'चा पेला सांगावयाचा राहिला. पहिल्या घोटाला त्याला एकच मत पडले होते, शेजारच्या बाईंचे. शेवटी तोच रिकामा झाला. बाईंनी तो दोनदा हुंगला आणि म्हणाल्या, "यात पान आहे. करंटचं पान." आम्ही भाचीकडे पाहिले. बरणीत रास्पबेरी घालताना तिने परसातल्या काळ्या करंटची दोन पाने टाकली होती आणि कोणाला सांगितले नव्हते. बाईंच्या माहेरी करंटची झुडुपे होती. कांटचा पक्ष घेऊन बसलेली माझी भाची त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही.

आपल्याकडे या पेयाची नक्कल होते तेव्हा आणखी एक विनोद घडतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण तिचा बहर थंडीतला. मे महिन्याच्या काहिलीत मुंबईच्या हॉटेलात 'समर बेरी' म्हणून जे मिळते त्यातल्या बेरी बहुधा शीतपेटीतून आलेल्या असतात, आणि म्हणूनच स्वादाच्या बाटलीवर भार टाकावा लागतो. आपल्या उन्हाळ्याची फळे निराळी आहेत. अलीकडे काही ठिकाणी कोकम आणि जांभूळ पेल्यात येऊ लागले आहे. त्यातले काही चांगले असते, काही नुसते देशीपणाचे नाव पुकारणारे, म्हणजे पुन्हा तोच दोष. गोव्यातल्या उर्राकापुढे मात्र मला हा सगळा खटाटोप फिका वाटतो. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची ती पहिल्या धारेची दारू, उन्हाळ्यापुरतीच मिळणारी. तीत लिंबू पिळावे, मीठ टाकावे, एक हिरवी मिरची चिरून सोडावी. तिथे फळ दारूवर ओतलेले नाही. दारूच फळाची आहे, आणि मिरची विरोधाचे काम चोख करते.

ज्यांना कृती हवी होती त्यांच्यासाठी: चिठ्ठीतली परिमाणे ठेवावी, बाटली बदलावी. चांगली साधी व्होडका घ्यावी, तीत मूठभर रास्पबेरी चार दिवस मुरवाव्या, गाळाव्या. पेल्यात मात्र रास्पबेरी चेचू नये. स्ट्रॉबेरी चेचावी, आणि तिच्यावर ताज्या मिऱ्यांची चिमूटभर पूड टाकावी. स्ट्रॉबेरीला मिरी मानवते. लिंबू ३० मिलिलिटरपर्यंत न्यावे, कारण फळांचा लाल रंग आम्लात खुलतो आणि जिभेलाही ते हवे असते. बर्फ भरपूर असावा. गारव्याने गोडी दबते, म्हणून पाक चाखून घालावा, मोजून नव्हे. पुदिना वाटला तर घालावा.

आणि ती चिठ्ठीवाली बाटली? ती अर्ध्याहून अधिक उरली होती. फेकून देणे भाचीच्या जिवावर आले. मी तिला मॉस्को म्यूलची कृती सांगितली: आल्याची बिअर, हिरवे लिंबू, बर्फ आणि ही व्होडका, फळ अजिबात नाही. पेला झकास झाला. आल्याच्या तिखटाला ती मोठ्या आवाजातली रास्पबेरी बरोबर पुरून उरली. भाचीने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "मामा, हे खरंच छान लागतंय हो. यात आता चार ताज्या रास्पबेरी टाकू का?"

मी पेल्यावर हात ठेवला. बाटली त्या आठवड्यात संपली.